वारस नोंदीच्या आधीचा शेरा: किनारपट्टीवरच्या एका सातबाऱ्याचं प्रकरण

राजापूर-देवगड पट्ट्यातलं खाडीकाठचं गाव. गाव नमुना ८अ वर, म्हणजे खाते उताऱ्यावर, चार हिस्से आहेत: कलमांची बाग ०.४२.०० हेक्टर, भातजमीन ०.११.५०, वरकस (म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन) ०.६३.०० आणि घरामागचं परडं ०.०६.५०. एकूण १ हेक्टर २३ आर. खातेदार म्हणून नाव एकच, तीन भावांतल्या थोरल्याचं, आणि तो १९९१ साली गावातच वारला. मधला भाऊ मुंबईत गिरणीत होता, २००३ मध्ये तिथेच गेला. धाकटा हयात आहे, नालासोपाऱ्याला मुलाकडे राहतो. थोरल्याला दोन मुलगे आणि एक मुलगी. त्यातला एक मुलगा गावात राहून बाग राखतो. मधल्याला एक मुलगा, एक मुलगी.

हे प्रकरण कुठल्याही एका घराचं नाही. कोकणातल्या वारस नोंदींत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एकाच खात्यावर आणून ते मांडलं आहे. माणसं, क्षेत्र आणि घरातली सालं त्या हिशेबाने घेतली आहेत. कायद्याची कलमं, नमुने आणि मुदती मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

थोरला गेल्यावर तीसेक वर्षं काही अडलं नाही. सारा भरला जात होता, आंबा वाशीला जात होता, बागेत कोण काम करतं हे तलाठ्याला आणि वाडीला ठाऊक होतं. अडलं ते योजना थेट नोंदीशी जोडल्या गेल्यावर. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी ॲग्रीस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा, शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा क्रमांक मिळतो तो सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकाच हयात माणसाचं असलं तर. फळपीक विम्याचं तेच, आपत्तीच्या मदतीचंही तेच. जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर किनारपट्टीने हे अनुभवलं आहे: पंचनामा पडलेल्या कलमांचा होतो, पैसे मात्र नावावर येतात. नाव मयताचं असलं की संमतीपत्रं, हमीपत्रं आणि हेलपाटे आलेच.

त्याच सुमारास, १ एप्रिल २०२५ पासून, महसूल विभागाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घेतली. मयत खातेदारांची यादी करायची, वारसांकडून कागद घ्यायचे आणि फेरफार, म्हणजे दप्तरात बदलाची नोंद, करून सातबारा हयात माणसांच्या नावावर आणायचा, हा तिचा हेतू. बाग राखणाऱ्या मुलाने या निमित्ताने वारस नोंदीचा अर्ज केला.

पहिला अर्ज

अर्ज करायला तहसीलला जावं लागलं नाही. महसूल विभागाच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीत मोबाइल क्रमांकाने खातं उघडायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, फेरफाराचा प्रकार ‘वारस नोंद’ घ्यायचा, मयताचा खाते क्रमांक टाकून नाव निवडायचं, मृत्यूचा दिनांक भरायचा, कोणत्या हिस्स्यांवर नोंद हवी ते टिकमार्क करायचे, मग एकेका वारसाचं नाव, वय, नातं, पत्ता, मोबाइल. शेवटी मृत्यू दाखला, वारसांबाबतचं प्रतिज्ञापत्र आणि ८अ जोडायचा. अर्ज सादर झाला की क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजे या सगळ्या व्यवस्थेने नागरिकाच्या हातात दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट. पूर्वी सजेवर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, कागद दिला तर तो दिला याला पुरावा नसायचा. आता दिनांक आहे, कुणाच्या लॉगिनला अर्ज पडून आहे ते दिसतं, आणि परत आला तर परत आल्याचीही नोंद राहते.

प्रतिज्ञापत्राबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. ते साध्या कागदावर चालतं. तरी तहसीलच्या दारात लोक मुद्रांकासाठी रांग लावतात, आणि खिडकीवरून कुणी ‘नको’ म्हणत नाही.

अर्ज तलाठ्याकडे गेला. (२०२४ पासून पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, वाडीवर अजून तलाठीच म्हणतात, इथेही तोच शब्द ठेवला आहे.) काही दिवसांनी तो ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढ्या शेऱ्यावर परत आला. कोणता कागद, कशात अपूर्ण, काहीच लिहिलेलं नव्हतं. प्रत्यक्षात कागद सगळे होते. नाव जुळत नव्हतं. सातबाऱ्यावर ‘धोंडू राघो’ आणि पुढे आडनाव नाही. ग्रामपंचायतीच्या मृत्यू दाखल्यावर ‘धोंडू राघोबा’ आणि पुढे आडनाव. कोकणातल्या जुन्या दप्तरात आडनावाशिवाय नोंदी ढिगाने आहेत. अशा वेळी दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, सोबत दोन्ही रूपांना जोडणारा एखादा जुना कागद असेल तर उत्तम: शाळेचा दाखला, सोसायटीचं पासबुक, जुना सारा भरल्याची पावती. हे एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. ते न सांगितल्यामुळे सेवा केंद्राच्या दोन फेऱ्या आणि जवळजवळ महिना गेला.

दुसऱ्यांदा अर्ज स्वीकारला गेला. तलाठ्याने वारसांची चौकशी केली, स्थानिक जबाब घेतले, गाव नमुना ६क या वारस नोंदवहीत प्रकरण घेतलं आणि गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरला. वारस म्हणून तीन नावं: थोरल्याचे दोन मुलगे आणि मुलगी.

यात अर्जदाराची लबाडी नव्हती. ८अ वर एकटे वडील दिसत होते. मयताचे वारस कोण, असं प्रणालीने विचारलं, त्याने खरं उत्तर दिलं. प्रश्नच अर्धा होता.

हरकत

जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफार धरल्यावर नोटीस काढावी लागते आणि पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करू शकतात. नोटीस चावडीच्या फळ्यावर लागते, हितसंबंधितांना लेखी पाठवली जाते, आणि ‘आपली चावडी’ या डिजिटल फळ्यावर जगात कुठूनही दिसते. लेखी नोटीस मुंबईकडच्या दोन शाखांना गेलीच नाही, कारण दप्तराच्या दृष्टीने ते हितसंबंधित नव्हते. त्यांचं नावच नव्हतं. फळा वाचायला ते गावात नव्हते. धाकट्या भावाच्या नातवाने मोबाइलवर गावाची यादी चाळली म्हणून फेरफार लक्षात आला. मुदत संपायला चार दिवस होते. हरकत लेखी गेली, पोच घेतली, फेरफार तक्रारी ठरला आणि ६अ च्या तक्रार नोंदवहीत गेला.

डिजिटल फळ्याचा उपयोग इथे झाला, त्याची मर्यादाही इथेच कळते. तो बघणाऱ्यालाच दिसतो. मुंबई, ठाणे, पुण्यात राहणाऱ्या प्रत्येक कोकणी घरातल्या एखाद्या तरुणाने महिन्यातून दोनदा आपल्या गावाची फेरफार यादी उघडून पाहावी. पंधरा दिवसांची मुदत असल्यामुळे महिन्यातून एकदा पाहणं पुरत नाही.

शेरा कुठे गेला

सुनावणीत धाकट्या भावाच्या बाजूने तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून काढलेली हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल आली. त्यावर थोरल्याच्या नावापुढे बारीक अक्षरात ‘ए.कु.मॅ.’ होतं: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे थोरला तिघांच्या वतीने दप्तरी उभा होता. जमीन त्याच्या एकट्याची नव्हती. ज्या फेरफाराने हे नाव लागलं तो १९६८ चा, आणि त्यात वडिलांच्या पश्चात तिघा भावांची नावं लिहून ‘पैकी थोरला ए.कु.मॅ.’ असा स्पष्ट मजकूर होता.

संगणकीय सातबाऱ्यावर हा शेरा नाही. सगळं प्रकरण या तीन अक्षरांपाशी येऊन थांबतं, म्हणून ती कशी गळली हे नीट पाहायला हवं. हस्तलिखितावरून संगणकात माहिती भरताना नाव, वडिलांचं नाव, आडनाव, क्षेत्र, आकार असे रकाने पुढे होते. दाटीवाटीने लिहिलेल्या पानावर नावाच्या वर, तिरपा, वेगळ्या शाईत लिहिलेला शेरा भरणाऱ्याला नावाचा भाग वाटला नाही, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यातही त्याने तो घेतला नाही. पुढे संगणकीय सातबारे बिनचूक व्हावेत म्हणून गावोगाव चावडी वाचन झालं. सातबारा मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी चूक दाखवायची, ही पद्धत मुळात चांगलीच. पण चूक दाखवणार तो हजर असलेला, आणि ही चूक ज्यांच्या मुळावर आली ते हजर नव्हते. हजर असलेल्याला आपल्या वडिलांचं नाव ऐकू आलं, क्षेत्र बरोबर होतं, त्याने मान डोलावली.

दप्तर डिजिटल करताना हाताने लिहिलेलं सगळं संगणकात येतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात येतं ते रकान्यात बसणारं. कोकणातल्या जमिनीचा हक्क पुष्कळदा रकान्याबाहेरच्या मजकुरात असतो: ए.कु.मॅ., ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा (अल्पवयीनाचा) पालनकर्ता, कुळकायद्याच्या कलम ३२ग चा (कुळाने जमीन विकत घेण्याचा) उल्लेख, सामाईक विहिरीत अमुक पाळी, वहिवाटीची पायवाट. खोती निर्मूलन १९४९ चं आणि कुळकायदा १९४८ चा. दोन्हींच्या अंमलबजावणीचे थर या शेऱ्यांतच साठलेले आहेत. घाटावरच्या पाच एकरांच्या गटात एखादा शेरा गळला तर शेजारी आठवण देतो. इथे एका सर्व्हे नंबरचे बारा-पंधरा हिस्से, एकेक हिस्सा काही गुंठ्यांचा, आणि हिस्सेदार चार शहरांत.

हरकत आली नसती तर काय झालं असतं? वारस नोंद प्रमाणित होऊन चारही सातबाऱ्यांवर थोरल्याच्या तीन मुलांची नावं लागली असती. मधल्या आणि धाकट्या शाखेचा कायदेशीर हक्क त्याने बुडत नाही, कारण फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. पण कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. म्हणजे सिद्ध करण्याचं ओझं त्यांच्यावर आलं असतं. आदेशाविरुद्ध प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, कलम २४७ खाली अपील, तेही साठ दिवसांत. उशीर झाला तर आधी विलंब माफीचा अर्ज. तोवर खरेदीखत होऊन तिसरा माणूस जमिनीत आला तर मामला दिवाणी न्यायालयात. तीन अक्षरांसाठी दहा-पंधरा वर्षं गेलेली घरं किनारपट्टीवर आहेत.

नोंदींचा क्रम

इथे घरातली माणसं समंजस निघाली. बाग राखणाऱ्याने सुनावणीत ए.कु.मॅ. मान्य केलं. मंडळ अधिकाऱ्यांनी वारस फेरफार नामंजूर केला. त्यानंतर जे करायचं होतं त्याचा क्रम या प्रकरणाचा गाभा आहे, कारण क्रम चुकला की प्रत्येक पायरी पुन्हा चढावी लागते.

आधी शेरा परत आणायचा. हे काम कलम १५५ खालचं. या कलमाने लेखनप्रमाद आणि सर्व संबंधितांनी मान्य केलेली चूक दुरुस्त होते. हक्क कुणाचा हे ठरवता येत नाही. ई-हक्कमध्ये ‘हस्तलिखित व संगणकीय सातबाऱ्यातील तफावत’ या स्वरूपाच्या दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण आदेश तहसीलदारांचा लागतो. अर्जासोबत हस्तलिखित सातबाऱ्याची शेवटची प्रत, संगणकीय सातबारा आणि १९६८ चा फेरफार, तिन्हींच्या नकला जोडल्या. अर्जात एकच मागणी ठेवली: नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ पूर्ववत दाखल करणे. ‘आणि आमची नावं लावावीत’ हे त्याच अर्जात लिहिण्याचा मोह आवरावा. ते लिहिलं की दुरुस्ती राहत नाही, हक्काची मागणी होते, आणि १५५ चा अर्ज तिथेच फेटाळला जाऊ शकतो.

मग ए.कु.मॅ. नोंद कमी करून तिघा भावांची नावं लावायची. ई-हक्कमध्ये हा वेगळा प्रकार आहे. याला आधार पुन्हा तोच १९६८ चा फेरफार, कारण कुटुंबात कोण कोण होतं ते त्यातच लिहिलेलं. तो सापडला नसता तर वंशावळ प्रतिज्ञापत्रावर देऊन, जबाब घेऊन काम करावं लागलं असतं आणि एखाद्याने मोडता घातला तर पुन्हा तक्रार नोंदवही. जुना फेरफार शोधायचा कसा? सातबाऱ्यावर ‘जुने फेरफार क्रमांक’ अशी ओळ असते. त्यातले सगळे आकडे उतरवून घ्यायचे आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूमला क्रमांक देऊन नक्कल मागायची. ‘आमच्या जमिनीचे जुने कागद द्या’ असा अर्ज केला तर काही मिळत नाही. क्रमांक दिला तर मिळतं. बऱ्याच तालुक्यांचं जुनं दप्तर स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’वरही आहे. पान फाटकं असेल तर स्कॅनवर भरवसा न ठेवता मूळ वही पाहायला मागावी.

ही नोंद प्रमाणित झाल्यावरच थोरल्याची आणि मधल्याची वारस नोंद करता येते, कारण मधला दप्तरी आलाच या फेरफाराने. वारस नोंदी दोन, वेगवेगळ्या. एकाच अर्जात दोन मयत घालायचे नाहीत. धाकटा हयात असल्यामुळे त्याला काही करावं लागत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर नवा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून (एका उताऱ्याला १५ रुपये) ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ पाहायची. तिथे काही बाकी दिसत असेल तर पुढचा अर्ज करण्यात अर्थ नाही. भूलेखवर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता. कुठल्याही कामाला जोडायचा तो स्वाक्षरीचाच.

हिशेब केला तर नुसत्या नोटिशींचे पंधरा-पंधरा दिवस धरून, आणि दोन्ही वारस नोंदी एकाच वेळी चालल्या असं मानूनही, किमान महिना जातो. त्याआधी १५५ च्या आदेशाला लागेल तो वेळ वेगळा. पहिलाच अर्ज योग्य प्रकाराचा असता तरी हा वेळ लागलाच असता. वाया गेला तो परत आलेल्या आणि नामंजूर झालेल्या अर्जांचा.

मृत्यूचे दाखले

मधल्या भावाचा मृत्यू मुंबईत, म्हणून दाखला महापालिकेच्या वॉर्डाचा. ही साधी गोष्ट ‘जिवंत सातबारा’सारख्या मोहिमेलाही अडते. मयत खातेदारांची यादी करताना ग्रामपंचायतीचं मृत्यू रजिस्टर हाताशी असतं, पण चाकरमान्यांचे मृत्यू त्या रजिस्टरात नसतातच. ते परळ, भांडुप, कल्याण, वसईच्या रजिस्टरांत असतात. म्हणून किनारपट्टीच्या गावांत यादी पूर्ण व्हायची तर वाडीवर बसून, घर धरून विचारावं लागतं. रजिस्टर उलगडून भागत नाही.

दाखल्यावरचा पत्ता मुंबईचा, सातबाऱ्यावरचा गावचा. त्यामुळे दोन्ही माणसं एकच हे पुन्हा प्रतिज्ञापत्रावर आलं. आणि घरातल्या कुणाचा मृत्यू नोंदलाच गेला नसेल तर? आधी निबंधकाकडून नोंद नसल्याचं अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एक वर्षाहून जुन्या मृत्यूची नोंद पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होई; जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाल्यापासून हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे. हे काम वारस अर्जाच्या आधी उरकावं. दाखला नंतर देतो म्हणून अर्ज टाकला की तो परत येणारच.

वारस प्रमाणपत्राबद्दलही गोंधळ असतो. वारसांत वाद नसेल तर फेरफारासाठी दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र सहसा लागत नाही, आणि बँक ठेवींसाठी घेतात ते उत्तराधिकार प्रमाणपत्र तर जमिनीसाठी नसतंच. पाच-सहा जणांचं घर या दोन कागदांपायी वकिलाकडे मोठी रक्कम मोजतं आणि तलाठी म्हणतो, याची गरज नव्हती.

बहिणी

थोरल्याची मुलगी लग्न होऊन मालवणला, मधल्याची डोंबिवलीला. दोघींची नावं लावायची की नाही, यावर घरात चर्चा झाली. चर्चेचा विषयच नाही तो. हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे जन्मापासून हिस्सेदार, आहे, आणि वडील २००५ च्या आधी गेले म्हणून तिचा हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात बहिणीचं नाव गाळणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र, आणि तो फौजदारी गुन्हा.

बहिणीला हिस्सा नको असेल तरी आधी नाव लागतं, मग ती हक्कसोडपत्र करते, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असावं लागतं. नोटरीपुढे केलेल्या किंवा कोऱ्या कागदावर सही घेतलेल्या ‘माझी हरकत नाही’ला फेरफारासाठी किंमत नाही. माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं असल्यामुळे आधारवरचं सध्याचं नाव भरून माहेरच्या नावाचा उल्लेख प्रतिज्ञापत्रात करावा. उलट केलं तर शेतकरी ओळख क्रमांक काढताना तीच अडचण पुन्हा दारात.

अर्जात सगळ्या वारसांसमोर अर्जदाराचाच मोबाइल क्रमांक टाकण्याची पद्धत सेवा केंद्रांवर रुळली आहे. ती मोडायला हवी. ज्याचा त्याचा क्रमांक आणि ज्याचा त्याचा आजचा पत्ता, अगदी नालासोपाऱ्याच्या खोलीचा पिनकोडसकट. लेखी नोटीस जाते ती याच पत्त्यावर.

कार्यालयाकडून काय व्हायला हवं

तहसील पातळीवर, नवं सॉफ्टवेअर न मागता, चार-दोन गोष्टी बदलता येतात.

परत पाठवलेल्या अर्जावरचा शेरा कृती सांगणारा हवा. ‘कागदपत्रे अपूर्ण’ऐवजी ‘सातबारा व मृत्यू दाखल्यावरील नावात फरक; दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे’. अशा नेहमीच्या शेऱ्यांचा तयार मसुदा तालुक्याने सगळ्या सजांना दिला तर तलाठ्याला टंकावंही लागणार नाही. तलाठ्याची बाजू विसरून चालणार नाही: एका सजेत अनेक गावं, पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची, वर पंचनामे, ई-पीक पाहणी, निवडणुका. मोजून शेरा लिहायला त्याला वेळ नाही म्हणूनच मसुदा हवा.

मयत खातेदाराची वारस नोंद धरण्याआधी हस्तलिखित सातबाऱ्याची शेवटची प्रत उघडून पाहणं ही सक्तीची पायरी असावी. या प्रकरणात तलाठ्याने ती पाहिली असती तर ए.कु.मॅ. पाच मिनिटांत दिसलं असतं, फेरफार धरण्याऐवजी १५५ चा प्रस्ताव गेला असता, आणि भावाभावांत हरकतीचा कागद आलाच नसता. एकदा हरकत लिहिली गेली की ती दप्तरात राहतेच, घरातही राहते.

अर्ज निकाली काढायला लागलेले दिवस मोजण्याची पद्धत बदलावी लागेल. परत पाठवलेला अर्ज कार्यालयाच्या बाजूने संपतो, नवा अर्ज आला की मोजणी नव्याने सुरू होते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा गाभा ठरलेल्या मुदतीत सेवा किंवा कारणासह नकार हा आहे. कारण अपुरं असेल तर तो नकारही अपुराच धरायला हवा आणि दिवस पहिल्या अर्जापासून मोजायला हवेत. बाहेरून पाहणाऱ्याला नव्वद टक्के अर्ज मुदतीत निकाली दिसतील आणि बागेवरचा माणूस मात्र नोव्हेंबर उलटून गेल्यावर विम्याच्या पोर्टलवर अजून वडिलांचंच नाव बघत बसेल, असं होऊ नये.

आणि सुनावणीची तारीख. किनारपट्टीच्या घरातली सगळी माणसं वर्षातून तीनदा गावात असतात: मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला. जुलैच्या मुसळधार पावसात मंगळवारी अकरा वाजता नेमलेली तारीख म्हणजे मुंबईहून रात्रीची गाडी, एका दिवसाचा पगार आणि बहुतेक वेळा ‘साहेब दौऱ्यावर’. तेच जबाब गौरी-गणपतीच्या आठवड्यात मंडळ कार्यालयात दोन दिवसांचा मेळावा लावून घेतले तर एका बैठकीत शाखांच्या शाखा हजर असतात. नोटिशीवर आठ दिवस आधी तारीख टाकली आणि ती सेवा केंद्राच्या व वाडीच्या मंडळाच्या मोबाइल गटावर गेली की पुरतं.

नोंद झाल्यावर

चारही सातबाऱ्यांवर आता तीन शाखांची सहा नावं आहेत, सगळी सामाईक. मोटामोटी हिशेबाने प्रत्येक शाखेचे ४१ आर. पण कुठले ४१ आर हे सातबारा सांगत नाही. ते जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ चं वाटप आणि मोजणी झाल्यावर ठरेल. तोवर बाग राखणाऱ्याला विम्यासाठी आणि नुकसानभरपाईसाठी इतर पाच जणांचं संमतीपत्र लागत राहील. कोकणातल्या आंब्याच्या विम्याची मुदत सहसा ३० नोव्हेंबरला संपते, म्हणून ते गणपतीत सगळे भेटतील तेव्हाच करून ठेवणं शहाणपणाचं. आपत्तीची मदत जाहीर झाली की सामाईक खात्याचा विशिष्ट क्रमांक कुणाच्या नावाने घ्यायचा आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) कुणी करायची, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावं.

इतर हक्कात थोरल्याच्या काळातला विकास सोसायटीचा बोजा अजून दिसतो. कर्ज कधीच फिटलं आहे, पण बोजा आपोआप निघत नाही. सोसायटीचा बेबाकी, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला जोडून ‘बोजा कमी करणे’ हा आणखी एक अर्ज. आणि परड्यातलं घर सातबाऱ्याने बदललेलं नाही: ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, घरपट्टी अजून थोरल्याच्याच नावाने येते. तिथे वारस नोंदीसाठी ग्रामपंचायतीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. त्याला प्रमाणित फेरफाराची नक्कल, नवा सातबारा आणि मृत्यू दाखला एवढं जोडावं.